रात्रीची उतरली नसेल तर सुकाणूला हात लावू नका: कोकणातल्या बोटवाल्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी कायद्याची माहिती

सप्टेंबर उजाडला, पर्यटनाच्या बोटी रंगवून परत पाण्यात उतरल्या की मला दोनचार फोन तरी ह्या विषयावर येतातच आणि प्रश्न फिरून फिरून एकच, "समुद्रात कुठे आलाय ट्रॅफिक पोलीस, तिकडे कोण फुंकायला सांगणार आहे?" विचारणारा कधी बोटवाला असतो, कधी तारकर्लीला आलेला पुण्याचा पाहुणा असतो, एकदा तर एका नाखवाच्या बायकोने विचारलं होतं आणि तिचा सूर बघता तिला उत्तर आधीच माहीत होतं, फक्त नवऱ्याला स्पीकरवर ऐकवायचं होतं. मी मालवणकडचा, घरात होड्या, पोटापाण्याला कोर्टातली कागदपत्रं. तर सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी तो फुंकायच्या मशीनचा मुद्दा. रस्त्यावर जे कलम लागतं ते मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८५, त्यात १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की झालं, गाडी सरळ चालवत होतात की वाकडी हे कोणी विचारत नाही. पण तो कायदा रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांचा आहे, होडी त्यात बसत नाही. इथपर्यंत बोटवाल्यांचं बरोबर आहे. चूक पुढे होते, १८५ नाही म्हणजे काहीच नाही असं लोक धरून चालतात.

पाण्यावर लागतं भारतीय न्याय संहितेचं कलम २८२. १ जुलै २०२४ पासून जुन्या भादंविच्या म्हणजे भारतीय दंड संहितेच्या जागी हा कायदा आला, त्याआधी हेच कलम २८० नंबरला होतं आणि दंड जास्तीत जास्त हजार रुपये होता. आता बेदरकारपणे किंवा हयगयीने जलयान हाकून लोकांच्या जिवाला धोका केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आता गंमत बघा, रस्त्यावर दारू पिऊन पहिल्यांदा सापडलात तरी आकडे हेच, सहा महिने आणि दहा हजार. म्हणजे समुद्रात स्वस्तात सुटतो हा हिशोबच मुळात चुकीचा.

फरक आहे तो सिद्ध करण्यात. १८५ मध्ये रक्तातला आकडा पुरतो, २८२ मध्ये दारू हा शब्दच नाही, तिथे तुम्ही होडी कशी हाकलीत हे बघतात. बोटवाल्याला वाटतं हे आपल्या फायद्याचं आहे, पण जरा विचार करा, आकडा लागत नाही म्हणजे मशीन नसलं तरी केस उभी राहते. बोटीतल्या वीस पाहुण्यांपैकी पंधरा जण मोबाईलवर व्हिडिओ काढत असतात, त्यात तुमचं बोलणं येतं, तुमचं चालणं येतं, बाटली येते, मग पंचनाम्याला आणखी काय पाहिजे. आणि रस्त्यावर ३० च्या खाली असलात तर १८५ मधून सुटता, इथे अमुक इतकी चालते अशी रेषाच नाही, एक बियर पिऊन जरी दुसऱ्या बोटीवर जाऊन आदळलात तरी ती एक बियर सरकारी वकील पहिल्या पानावर घेणार.

शिवाय कलम एकटं येत नाही, गोतावळा घेऊन येतं. कोणाच्या जिवाला धोका झाला तर त्याच न्याय संहितेचं १२५, त्यात नुसता धोका असेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद, कोणाला साधी दुखापत झाली तर सहा महिने, आणि हात-पाय मोडला किंवा प्रोपेलर लागला असली गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत. माणूस गेला तर १०६(१), हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड, जुन्या कायद्यात हे दोन वर्षं होतं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जण गेले, तो अपघात इंजिनच्या चाचणीत झालेला, दारूचा त्यात संबंध नव्हता, पण तेव्हा गुन्हा दाखल झाला त्यात हीच कलमं होती, १०६, १२५ आणि २८२. त्यात दारू मिसळून बघा आता.

दारू मिसळली की प्रकरण १०५ कडे सरकू शकतं, सदोष मनुष्यवध. तिथे जामीन हक्काने मिळत नाही, केस सत्र न्यायालयात चालते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत, काही बाबतीत त्याच्याही वर जाते. रस्त्यावरचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, चालवणारा प्यायलेला होता, आणि २०१२ ला सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. मुद्दा असा की प्यायलेल्या माणसाने गर्दीच्या जागी वाहन घातलं तर कोणीतरी मरू शकतं हे त्याला माहीत असतं असं कोर्ट धरतं. आता मे महिन्यातल्या शनिवारी देवबागच्या संगमावर किती बोटी, किती पॅरासेलिंगचे दोर आणि किती पोहणारी पोरं असतात ते तुम्हीच बघता, हा युक्तिवाद तिथे लागू करायला वकील फार हुशार असायची गरज नाही.

"साहेब मला शुद्धच नव्हती" हे सांगून उपयोग नाही. न्याय संहितेचं कलम २४ म्हणतं आपणहून प्यायलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असं समजायचं. कोणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तरच कलम २३ मध्ये बचाव आहे, आणि आपल्याकडे जबरदस्तीने पाजलेला तांडेल, म्हणजे होडी हाकणारा मुख्य माणूस, मी तरी अजून बघितला नाही.

आता दारूबंदी कायदा. बरेच जण विसरतात की महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आपल्याकडे दारू मिळते ती परवान्याच्या पद्धतीने मिळते, प्यायला कागदोपत्री परवाना लागतो आणि हार्ड लिकरसाठी वय २५ लागतं. परवाना नसताना प्यायल्याबद्दल कलम ६६, त्यात रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त सापडलं की आपण गुन्हा केला नाही हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं, आणि सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा घातल्याबद्दल ८५. जेट्टी ही सार्वजनिक जागाच आहे. म्हणजे होडीत न चढता नुसते धक्क्यावर झिंगून पडलात तरी काहीतरी आहेच.

शिरोडा, रेडीकडच्या मंडळींनी हे नीट वाचा. तेरेखोल खाडीपलीकडे गोवा, तिकडे बाटली स्वस्त, आणि होडीतून चार बाटल्या अलीकडे आणल्या तर कोणाला कळतंय असं वाटतं. पण गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हाच वेगळा गुन्हा आहे आणि ज्या वाहनातून आणली ते वाहन जप्त होऊ शकतं, त्या वाहनात होडी पण येते. चार बाटल्यांच्या नादात लाखांचं इंजिन आणि होडी पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात पडून राहिली की मग कळतं स्वस्त काय आणि महाग काय.

चाचणी कशी होते हे पण सांगतो कारण ह्यावर खूप अफवा आहेत. अटक झाल्यावर पोलीस सरकारी दवाखान्यात नेतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ मध्ये वैद्यकीय तपासणी करून घ्यायचा अधिकार आहे आणि नकार दिला तर गरजेपुरतं बळ वापरायची पण मुभा आहे, त्यामुळे हात आखडून बसण्यात अर्थ नाही. डॉक्टर तोंडाचा वास, बोलणं, चाल, डोळ्याच्या बाहुल्या बघून लिहितो आणि रक्त काढतो. तुम्ही एकच गोष्ट बघायची, सुई टोचण्याआधी कातडी पुसायला स्पिरिट वापरायचं नाही असा १९५९ च्या रक्तचाचणीच्या नियमांतच नियम आहे, स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच ना. स्पिरिटचा बोळा पुढे आला तर तिथेच शांतपणे सांगा आणि नंतर वकिलाला पण सांगा. भांडू नका, अंगावर जाऊ नका, सरकारी कामात अडथळा हे आणखी एक कलम फुकटात वाढतं.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. होडीवर बसून पिणारे तसे कमी, आमचे लोक सकाळी अडकतात. गणित करून दाखवतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, वजनात धरलं तर साधारण ६० ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने ती संपवली की रक्तात १०० मिलीला सव्वाशेच्या आसपास मिलीग्रॅम चढतं, आणि शरीर तासाला साधारण १५ च्या हिशोबाने ते उतरवतं, लिंबूपाणी प्या, कडक चहा प्या, समुद्रात डुबकी मारा, तो वेग काही वाढत नाही. रात्री ११ ला क्वार्टर संपली तर पहाटे ४ ला म्हणजे बरोब्बर होडी काढायच्या वेळेला अजून ५० च्या आसपास शिल्लक असते. रस्त्याची मर्यादा ३०. मर्चंट नेव्हीतली मर्यादा ५०, म्हणजे आमच्या गावातली जी पोरं जहाजावर आहेत त्यांना विचारा, रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरमागे ०.२५ मिलीग्रॅम ही आंतरराष्ट्रीय रेषा आहे, २०१२ पासून लागू आहे, आणि बऱ्याच कंपन्या तर शून्यच मागतात. ती पोरं जहाजावर महिनोन्महिने थेंब घेत नाहीत आणि सुट्टीवर घरी आली की बापाच्या होडीवर काय करतात ते सांगत नाही.

माझ्या काकाच्या होडीवर घडलेली गोष्ट आहे, काही वर्षांपूर्वीची. पहाटेची वेळ, धक्क्यावर अंधार, एका बल्बच्या उजेडात बर्फाचे खोके चढत होते. आमचा तांडेल, जुना माणूस, तीस वर्षं सुकाणूवर, तो होडी जवळ ओढायला दोरीचा फास खुंट्यावर टाकत होता. पहिला फास चुकला. दुसरा चुकला. तिसरा पाण्यात. हा माणूस एरवी डोळे मिटून टाकायचा. काका नुसता बघत होता, मग म्हणाला, "काय रे, बरा नाय काय?" तांडेल म्हणाला, "नाय ओ, रात्री झोप जावक नाय." काका म्हणाला, "झोप जावक नाय ता समाजला. कित्याक जावक नाय ता पण समाजला. आज तू उतर." कोणी आवाज चढवला नाही. त्या दिवशी काकाने स्वतः सुकाणू धरलं, साठी उलटल्यावर.

हे सांगायचं कारण म्हणजे मालकाने काय करायचं हे लोक विचारतात आणि मालकाचं बरंचसं काम त्या पाच मिनिटांत असतं. मशीनबिशीन नंतर, आधी माणसाच्या हाताकडे बघा, दोरी कशी टाकतो, धक्क्यावरून होडीत पाय कसा टाकतो, इंजिन चालू करताना किती वेळ लावतो, ही रोजची कामं असतात, त्यात गडबड झाली की कळतं. ज्यांच्या दोनपेक्षा जास्त बोटी आहेत त्यांनी फुंकायचं छोटं मशीन घेऊन ठेवावं, इंजिनाच्या एका सर्व्हिसिंगच्या मानाने महाग नाही. आणि रोज कोण सुकाणूवर होता हे एका साध्या वहीत वेळेसकट लिहा, सही घ्या. उद्या काही झालं तर तुम्ही काळजी घेतली होती हे सांगायला ती वहीच उपयोगी पडते, तोंडी कोणी ऐकत नाही.

कारण मालक सुटत नाही. प्यायलेला आहे हे माहीत असून त्याच्या हातात बोट दिली तर तुमची स्वतःची हयगय आहे, १०६ आणि १२५ तुम्हाला पण लागू शकतात. त्याच्या जोडीला २८४, धोकादायक अवस्थेतल्या किंवा क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेल्या बोटीतून भाड्याने माणसं नेली किंवा नेववली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, ह्यात "नेववली" हा शब्द मालकासाठीच आहे असं समजा. मे २०२३ ला केरळात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले, तिथेही दारूचा विषय नव्हता, जास्त माणसं भरली होती, पण मालकालाच अटक झाली आणि त्याच्यावर खुनाचं कलम लावलं गेलं. शिवाय बंदरं आणि बोटींचा कारभार बघणाऱ्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचं लायसन्स, बोटीचा सर्व्हे, सारंगाचं म्हणजे बोट हाकणाऱ्याचं सर्टिफिकेट हे सगळं चौकशीत टेबलावर येतं. मेरीटाइम बोर्डाचे आपल्याकडे बंदरांचे पाच गट आहेत, वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला, आपली जेट्टी कुठल्या गटात येते आणि बंदर निरीक्षकाचं ऑफिस कुठे आहे हे मालकाला तरी माहीत पाहिजे. साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात बोट काढली आणि वर प्यायलेले सापडलात तर मग वकिलाकडे पण बोलायला फार राहत नाही.

विमा. बहुतेक अपघात विम्याच्या पॉलिसीत नशेत असताना झालेली दुखापत किंवा मृत्यू वगळलेला असतो. खलाशाच्या घरच्यांना पैसे मिळायच्या वेळेला पोस्टमार्टेमचा रिपोर्ट मध्ये येतो आणि क्लेम तिथेच अडकतो. पॉलिसीचा तो छोट्या अक्षरातला भाग एकदा कोणाकडून तरी मराठीत वाचून घ्या.

आणि "आम्ही १२ मैलाच्या बाहेर होतो" हे पण चालत नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत आपली सागरी हद्द आहेच, पण भारतात नोंदलेलं जहाज किंवा बोट असेल तर न्याय संहिता त्याच्याबरोबर जगात कुठेही जाते.

आता पाहुण्यांसाठी. बोटीत चढायच्या आधी बोटवाल्याशी दोन वाक्यं बोला, कुठला गाव, किती वेळ लागेल, ओहोटी कधी आहे, काहीही. वास आला किंवा जीभ जड वाटली तर चढू नका, पैसे दिलेले असले तरी चढू नका. चारजणांत आवाज चढवून त्याला लाजवू नका, अशाने भांडण होतं आणि धक्क्यावर त्याची माणसं जास्त असतात, बाजूला होऊन तिकीट देणाऱ्याला किंवा मालकाला सांगा, दुसरी बोट मागा, बहुतेक वेळा मिळते कारण धंद्याचं नाव खराब झालेलं कोणालाच नको असतं. पैसे परत देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. बोट निघाल्यावर कळलं तर मात्र मध्येच सुकाणू हिसकावायला जाऊ नका, उभे राहू नका, सगळ्यांनी एका बाजूला गर्दी करू नका, जॅकेटचे पट्टे घट्ट करा, खलाशी शुद्धीत असेल तर त्याला बोट हळू घ्यायला सांगा आणि ११२ ला किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ ला फोन लावा, खोल पाण्यात संकट असेल तर कोस्ट गार्डचा १५५४. बोटीच्या बाजूला लिहिलेलं नाव आणि नंबर चढतानाच फोटोत घ्या, उतरल्यावर आठवत नाही.

सुट्टी संपली आणि घरी पुण्याला गेलात म्हणून तक्रार राहिली असं नाही. आता कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर देता येते, ती इकडच्या ठाण्याला वर्ग होते, ऑनलाइन पण देता येते फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आणि पाहुण्यांनो, तुमचं पण जरा. बोटवाल्याला "एक पेग घे रे, आमच्याबरोबर काय लाजतोस" असा आग्रह करणारे बहुतेक वेळा तुम्हीच असता. स्वतःची बाटली घेऊन होडीत बसणारे पण तुम्हीच. उन्हात, लाटेवर, इंजिनाच्या आवाजात तीच दारू जमिनीपेक्षा लवकर चढल्यासारखी होते, आणि होडीच्या कडेला उभं राहून लघवी करताना पाण्यात पडणारे पाहुणे आमच्या खलाश्यांनी ओढून वर काढलेले आहेत, एकाचा तर मोबाईल आणि चष्मा दोन्ही संगमाच्या तळाशी आहे. बोटीवर परवान्याशिवाय दारू विकणं किंवा दारूची पार्टी चालवणं हा उत्पादन शुल्क खात्याचा विषय, त्यात मालक जातो.

मालकांसाठी एक राहिलं. काकाने त्या दिवसानंतर एक पद्धत ठेवली, सकाळी येऊन ज्याने स्वतःहून "आज माका जमाचा नाय" म्हटलं त्याला अर्धा रोज मिळतो, कारण विचारत नाही. लपवून सुकाणूवर चढला आणि नंतर कळलं तर त्या फेरीचा वाटा नाही. पहिल्या महिन्यात अर्ध्या रोजावर घरी जाणारे चारपाच जण निघाले, काका चिडला, म्हणाला हे तर धंदाच करतील. हल्ली सीझनला एखादा निघतो. तो जुना तांडेल अजून आमच्याकडेच आहे, शनिवारी रात्री बसतो, रविवारी होडीवर येत नाही, सोमवारी पहाटे चारला सगळ्यांच्या आधी धक्क्यावर असतो आणि फास पहिल्या फटक्यात टाकतो.